शेवटाचा फर्मा

सोमवारी सकाळी वाचनालयातून बांधणीचा गठ्ठा आला. दाभणनं त्याची सुतळी सोडली आणि तिच्या तोंडून असा काही चीत्कार निघाला की कापणी यंत्रावर बसलेल्या दादानं चटकन हात मागे घेतला.

"काय झालं? सुई घुसली?"

"अरे दादा, ही सगळी पुस्तकं गोष्टी कशा लिहायच्या त्याची आहेत! सहाच्या सहा!"

"मग एवढी ओरडतेस काय? मला वाटलं उंदीर निघाला."

दाभण हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी कुणी काही सांगायला लागलं की ही पोरगी "मग काय झालं? मग काय झालं?" करून त्याला टोचटोच टोचायची, म्हणून वडिलांनी आपल्या हत्यारांतलंच एक नाव तिला देऊन टाकलं. पुठ्ठ्याला भोक पाडायची जाड सुई ती दाभण. नाव चिकटलं ते चिकटलंच. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी ते सोडवायला कोण जाणार? वडिलांच्या मागे बाइंडिंगचं दुकान ती आणि तिचा थोरला भाऊ असे दोघंच चालवत. दादा कापायचा आणि खळ लावून चिकटवायचा, ती शिवायची. वाचनालयातली निम्मीअधिक पुस्तकं तिच्या हातच्या दोऱ्यावर ताठ उभी होती, पण ती स्वतः तिथली सभासद नव्हती. मागच्या दारानं गठ्ठा आणायचा, मागच्याच दारानं पोचवायचा. पुढच्या दाराला रुंद दगडी पायऱ्या होत्या आणि त्यांवरून वाचणारी माणसं जात, असं तिनं आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं. कुणी तिला अडवलं नव्हतं हो. पण न अडवताही माणूस किती वर्षं बाहेर थांबू शकतो, ते काय सांगावं!

आणि ही अशी बाई सहा महिन्यांपासून चोरून एक गोष्ट लिहीत होती.

त्याला कारण होतं वाचनालयाच्या मागच्या दारावर चिकटवलेला कागद. नवीन लिहिणाऱ्यांसाठी कथास्पर्धा. येत्या शनिवारी संध्याकाळी सहाला पेटी बंद. निवडलेली एकच कथा मोठ्या दालनात सगळ्यांसमोर वाचून दाखवणार. खाली जाड अक्षरात दम भरलेला: सुटी पानं घेतली जाणार नाहीत. मागच्या वर्षी म्हणे दोघांच्या गोष्टींची पानं एकमेकांत मिसळली आणि एका गोष्टीतला नवरा दुसऱ्या गोष्टीतल्या बायकोकडे जेवायला गेला. सुट्या पानांचा नियम वाचून दाभणला हसू आलं होतं. आपल्याला आणखी काही येवो न येवो, पानं सुटी राहणार नाहीत, एवढी तिला खात्री होती.

तिची गोष्ट होती एका लिफ्टवालीची. अकरा मजली इमारतीत एकतीस वर्षं स्टुलावर बसून माणसं वरखाली करणारी बाई. अकराव्या मजल्यावर म्हणे काचेचा सज्जा आहे, तिथून सगळं शहर दिसतं. पण लिफ्ट सोडून जायचं नाही हा नियम, त्यामुळे हिनं तो कधीच पाहिलेला नाही. आज तिचा नोकरीचा शेवटचा दिवस. झालं, एवढं सुचलं होतं आणि सहा महिने घोडं तिथंच अडलं होतं. अशात घरबसल्या ही सहा पुस्तकं यावीत, तीही शनिवारच्या संध्याकाळपर्यंत! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन म्हणतात, इथे तर सहा मिळाले होते. दाभणला त्या दिवशी दुपारचा चहाही गोड लागला नाही, कारण घाईत तिनं साखरच घातली नव्हती.

बाइंडरचं वाचणं तुमच्याआमच्यासारखं नसतं. जुनी शिलाई उसवली की पुस्तकाचे फर्मे होतात. फर्मा म्हणजे एकात एक घातलेल्या कागदांची सोळा पानांची घडी. असे दहा-बारा फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. दाभणनं नियम केला, वाचल्याशिवाय एकही फर्मा शिवायचा नाही. डाव्या हातानं फर्मा धरायचा, अधाशासारखा वाचायचा, मग सुई घालायची. दादा ओरडायचा, "अगं, शिवतेस की परीक्षेला बसलीयेस?" आणि ती म्हणायची, "दोन्ही!"

पुस्तकांची नावं लांबलचक होती, म्हणून तिनं त्यांना आपली नावं ठेवली. पहिलं मऊ बोलणारं होतं, ते मावशी. "रोज बस गं," मावशी म्हणायची, "वाईट लिही, पण लिही. आणि लिहून झालं की एक रात्र झाकून ठेव, पिठासारखं मुरू दे." दुसरं होतं वकील. ते पानापानावर उलटतपासणी घ्यायचं: तुमच्या माणसाला काय हवंय? ते त्याला आजवर का मिळालं नाही? आज असं काय घडलं की आता थांबवत नाही? मंगळवारी दुपारी वकिलाचा चौथा फर्मा हातात असताना दाभण एकदम उठून उभी राहिली, सुई तशीच लोंबकळत. तिला कळलं होतं! लिफ्टवालीला सज्जा नकोच होता मुळी, सज्जा हे निमित्त. तिला काहीतरी दुसरंच हवं होतं. काय, ते अजून कळलं नव्हतं, पण काहीतरी आहे एवढं कळल्यावरच तिच्या अंगावर काटा आला. त्या संध्याकाळी तिनं एका बैठकीत नऊ पानं लिहिली.

लिहायला कागदही तिचे खास होते. जुनी पुस्तकं उसवताना पुढची-मागची कोरी पानं निघतात; मऊ, पिवळसर, फेकायला जीव होत नाही अशी. लहानपणापासून तिनं ती जमवली होती. त्यांनाच पुस्तकाच्या मापात कापून, घडी घालून तिनं एक फर्मा केला आणि त्यात गोष्ट लिहिली. चारी बाजूंनी बोटभर समास सोडून. समास न सोडणारा माणूस बाइंडरच्या घरात जेवायच्या लायकीचा नाही, असं वडील म्हणायचे.

तिसरं पुस्तक मात्र डॉक्टर निघालं, आणि तेही कापाकापीवालं. "तुमच्या कथेचं पहिलं पान फाडा," ते म्हणालं. "कथा सहसा दुसऱ्या पानावर सुरू होते." दाभणला घामच फुटला. पान फाडा? बाइंडरला? पण वाचून पाहते तर काय, पहिल्या पानावर नुसती इमारत कुणी बांधली, कधी बांधली आणि त्या दिवशी हवा कशी होती एवढंच होतं. दुसऱ्या पानाची पहिली ओळ होती: 'आज तिनं घरून स्वतःची उशी आणली नव्हती, कारण उद्यापासून स्टूल दुसऱ्याचं होतं.' दाभणनं डोळे मिटले आणि सुरी चालवली. आणि तिला माहीत होतं तेच झालं. घडीतलं पुढचं पान काढलं की त्याचं मागचं जोडीदार पानही सुटतं. शेवटचं कोरं पान अलगद तिच्या मांडीवर पडलं. आरंभाला हात लावला की शेवट सुटतो, हे डॉक्टरला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. बाइंडरला ते पहिल्याच वर्षी कळतं. तिनं ते सुटं पान घडी करून सुईदोऱ्याच्या डबीत जपून ठेवलं. शेवट त्याच्यावर लिहायचा होता.

चौथं आणि पाचवं पुस्तक पाहुण्यांसारखी होती, गोड गोड बोलली आणि हातावर काही न ठेवता गेली. पण सहावं! सहावं मास्तर. चौदा फर्म्यांचं जाडजूड धूड, छडी घेऊनच बोलणारं. त्याचा तेरावा फर्मा होता 'शेवट' आणि चौदावा सरावाचा. तेराव्या फर्म्याच्या कडा शेकडो बोटांनी काळ्या पडून कापडासारख्या मऊ झाल्या होत्या. गावातले सगळे होतकरू लेखक इथंच येऊन अडले होते तर! दाभणची गोष्टही आता तिथंच थांबली होती: सगळे गेलेत, इमारत रिकामी, लिफ्टवाली तळमजल्यावर उभी आहे, 'तिचा हात अकराच्या बटणाकडे गेला आणि'... आणि पुढे काही नाही.

"तेरावा शेवटी वाचायचा," तिनं ठरवलं. ताटातला आवडीचा घास मागे ठेवतात तसा तो फर्मा तिनं फळीवर वेगळा ठेवला. शेजारी तिची गोष्ट, खाकी कागदात गुंडाळलेली, दादाच्या नजरेला पडू नये म्हणून. बेत असा: शुक्रवारी दुपारी सावकाश वाचायचा, शनिवारी दुपारी शेवट लिहायचा.

शुक्रवारी ती जेवून आली तर दादा फोन ठेवत होता. "वाचनालयाला पुस्तकं उद्या सकाळी दहालाच हवीत. स्पर्धेची मंडळी यायचीयेत, मांडून ठेवायचीत म्हणे. आत्ताच्या आत्ता शिवून दे, तर मी चिकटवून रात्रभर दाबाखाली ठेवतो."

"पण माझा तेरावा वाचायचा राहिलाय!"

"पुस्तक लोकांचं आहे, तुझं नाही. लिहिणारे लिहितात, वाचणारे वाचतात, आपण शिवायचं."

दाभणला रडूच आलं. भांडण्यातही वेळ जाणार होता. तिनं फळीवरचा उघडा फर्मा उचलला आणि मुद्दाम मान वळवून खिडकीबाहेर पाहत राहिली. एक ओळ जरी डोळ्यांखालून गेली असती तर पुढच्या पंधरा पानांना तिनं हात जोडून सोडलं असतं का? छे! त्यापेक्षा बघायचंच नाही. हातांना डोळे लागत नव्हते. घडी चाचपडली, मध्यावर उघडली, टाका, टाका, गाठ. तेरावा झाला, त्यावर चौदावा. मोजले, चौदा भरले. खाकी पुडकं उचलून तिनं एका मोठ्या लिफाफ्यात घातलं आणि तोंड चिकटवून टाकलं. मावशीनं सांगितलंच होतं, एक रात्र झाकून ठेव. आता शेवट मास्तरशिवाय, स्वतःच्या अकलेनं.

शनिवारी दादा सकाळीच पुस्तकं पोचवून आला. साडेचारला दाभणनं हात धुतले, इस्त्रीचे कपडे घातले, पेन्सिलीला टोक केलं आणि मोठ्या ऐटीत लिफाफा फोडला. खाकी कागद उलगडला.

आत मास्तर होते. 'प्रकरण तेरावं: शेवट'.

क्षणभर तिला काही कळलंच नाही. मग तोंडचं पाणी पळालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकलं होतं, पण इथे तर कळसा काखेत होता आणि घरचं पाणी गावाला गेलं होतं! ज्या प्रकरणासाठी काल रडली ते आज तिच्या हातात होतं, आणि तिची गोष्ट, जगात एकच प्रत असलेली तिची गोष्ट, मास्तरच्या पोटात पक्क्या दुहेरी दोऱ्यानं शिवलेली होती. तिच्याच हातानं.

"दादा, मी जाऊन येते!"

"कुठे? अगं, चप्पल तरी..."

चप्पल तिनं रस्त्यात घातली. तेराव्या फर्म्याचा लिफाफा काखेत, सुईदोऱ्याची डबी खिशात आणि पायाला भिंगरी. धावता धावता तिला एक नवीनच भीती वाटली. शिवल्यावर दादा पुस्तकाच्या कडा कापतो! तिच्या ओळींची टोकं तर उडाली नसतील? मग वडिलांचा बोटभर समास आठवला आणि तिनं धावता धावताच त्यांना हात जोडले.

मागच्या दाराशी ग्रंथपालबाई पेटीला लावायची चिकटपट्टी शोधत होत्या.

"बाई, ते जाड पुस्तक! आज आलेलं! एक मिनिट हवंय!"

"ते? ते तर दार उघडल्या उघडल्या गेलं. चौकातले चष्मेवाले तीन महिने नंबर लावून बसले होते. अहो ताई, काय झालं? बांधणीत काही चूक?"

"चूक? छे, चूक नाही," दाभण म्हणाली, कारण दुकानाची अब्रूही सांभाळायची होती. "जरा जास्तच काहीतरी बांधलं गेलंय." आणि ती पळाली.

चष्म्याचं दुकान अरुंद होतं. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, काउंटरवर काचा, आणि काचांमागे स्वतःचाच चष्मा कपाळावर चढवून बसलेला पन्नाशी उलटलेला चष्मेवाला. समोर मास्तर उघडा पडला होता. दाभण आत शिरली तसा तो उठूनच उभा राहिला.

"डोळे तपासायचेत? पाच मिनिटं थांबता का ताई? आज मला फार मोठा शोध लागलाय!"

"मला ते पुस्तक..."

"तेच सांगतोय! नऊ वर्षं मी कादंबरी लिहितोय. शेवट म्हणून होत नाही. हे पुस्तक दोनदा नेलंय, दोनदा अर्ध्यावर परत केलंय; या वेळी थेट शेवटाचं प्रकरणच उघडलं. पण ही आवृत्ती काय भारी आहे! शेवटाचं प्रकरण शिकवतच नाही, सरळ करायला लावतं! बघा, हस्ताक्षरात छापलेली एक कथा दिलीय, अगदी खरी वाटावी म्हणून, आणि ऐन मोक्यावर सोडून दिलीय. 'तिचा हात अकराच्या बटणाकडे गेला आणि'! पुढे कोरं! सराव हो, सराव! मी गिऱ्हाईकं परत पाठवली दोन."

दाभणच्या कानांवरून हे सगळं गेलं, पण त्यातलं एकच वाक्य आत उतरलं. अनोळखी माणसानं तिची गोष्ट वाचली होती आणि गिऱ्हाईकं परत पाठवली होती. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती स्टुलावर बसली.

"आणि मी शेवट लिहिला!" चष्मेवाल्यानं डोळे तपासणीच्या कागदामागचा मजकूर फडकावला. "ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहायचं नसतं, म्हणून यावर. नऊ वर्षांत पहिल्यांदा काहीतरी पूर्ण केलंय. वाचू?"

त्याचा चेहरा इतका फुलला होता की तिच्यानं नाही म्हणवेना. घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यानं घसा साफ केला. "'आणि तिनं बटण दाबलं. लिफ्ट वर गेली. दार उघडलं. समोर सगळं शहर दिव्यांनी लखलखत होतं. तिच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले. आयुष्याचं सार्थक झालं.'"

"चूक!" दाभण म्हणाली. इतक्या जोरात की काउंटरवरच्या काचा किणकिणल्या.

"अं?"

"सार्थक कसलं डोंबलाचं! एकतीस वर्षं त्या डब्यात काढली आणि शेवटच्या दिवशीही पुन्हा त्याच डब्यात? अहो, ती बटण दाबणारच नाही!"

"पण हात तर बटणाकडे गेलाय."

"गेलाय. सवयीनं गेलाय. आणि तिथंच थांबेल. तिला वकिलानं..." ती अडखळली. वकिलाचा चौथा फर्मा तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला: तुमच्या माणसाला काय हवंय? आणि मंगळवारपासून जे घशाशी अडलं होतं ते एकदम बाहेर पडलं. "तिला सज्जा नकोय हो. तिला स्वतःच्या पायांनी जायचंय. ती बाहेर येईल, लिफ्टचं दार बाहेरून लावील, आणि जिन्यानं जाईल!"

चष्मेवाल्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "जिन्यानं? अकरा मजले? तिसऱ्या पानावर तिचे गुडघे दुखतात."

"दुखू देत. थांबत थांबत जाईल. एकतीस वर्षं प्रत्येक मजला तिनं दाराच्या फटीएवढा पाहिलाय. तिसऱ्यावर कुणाचा तरी रेडिओ लागायचा, तो कुठल्या खोलीत असतो ते तिला बघायचंय. पाचव्यावरच्या कुंडीला पाणी कोण घालतं ते बघायचंय." बोलता बोलता ती रडत होती आणि हसत होती, दोन्ही. "काय हो, मला सुचलं! मला शेवट सुचला!"

"तुम्हाला?" चष्मेवाला पुस्तकाकडे पाहू लागला, मग तिच्या बोटांकडे, मग पुन्हा हस्ताक्षराकडे. "हे... हे छापलेलं नाहीये?"

मग तिनं सगळं सांगितलं, एका श्वासात. त्यानं ऐकलं आणि आपला कागद हळूच घडी करून खिशात ठेवला. दाभणला वाईट वाटलं. पहिल्यांदाच काहीतरी पूर्ण केलेल्या माणसाला तिनं असं तोडायला नको होतं. पण तो म्हणाला, "ताई, माझ्या शेवटानं तुमचा शेवट काढला ना? मग माझा काही फुकट गेला नाही. पाच सोळा झालेत. लिहा!"

तिनं डबीतलं सुटं पान काढलं आणि काउंटरवर झुकून लिहायला लागली. चष्मेवाल्यानं दारावर 'बंद'ची पाटी फिरवली आणि दिव्याची मान तिच्याकडे वळवली. ती एकेक मजला चढत होती. तिसऱ्यावर रेडिओ सापडला, पाचव्यावर कुंडी. पान दोन्ही बाजूंनी भरत आलं, समास धरूनही. शेवटची ओळ लिहून तिनं पेन्सिल ठेवली तेव्हा पाच चाळीस झाले होते.

आता पुस्तक. तिनं डबीतली छोटी सुरी काढली तसा चष्मेवाल्यानं डोळ्यांवर हात घेतला. स्वतःचाच टाका, कालचा, पक्का, तिनं तेराव्या घडीच्या मध्यावर कापला आणि आपला फर्मा तसूतसूनं ओढून काढला. ओळीचं एकही टोक उडालं नव्हतं. फक्त शेवटच्या भरलेल्या पानावर, बटणाच्या ओळीशेजारी, खळीनं माखलेल्या अंगठ्याचा वाळका ठसा होता. आपलाच असेल, असं म्हणून तिनं तो फर्मा छातीशी धरला. मास्तरचा खरा तेरावा फर्मा चष्मेवाल्याच्या हातात कोंबला आणि दोघंही धावत सुटले, ती गोष्ट घेऊन आणि तो पोट फाटलेलं पुस्तक घेऊन.

पेटी पुढच्या दालनात होती. मागच्या दारानं गेलं तर गोदामाला वळसा पडणार होता, आणि घड्याळात सहाला चार मिनिटं कमी होती. दाभणनं विचार केला नाही. दगडी पायऱ्या तिनं दोन-दोन करत गाठल्या.

ग्रंथपालबाईंनी चिकटपट्टीचं टोक काढूनच ठेवलं होतं. दाभणनं गोष्ट पुढे केली. बाईंनी ती उचलली आणि शेवटचं पान घसरून टेबलावर पडलं.

"ताई, सुटं पान. नियम आहे. मी आज दोघांना परत पाठवलंय, तुम्हाला कसं घेऊ?"

"अहो, पण यांच्या..." चष्मेवाला सुरू झाला.

"सहा वाजलेत का?" दाभणनं विचारलं.

"दोन मिनिटं आहेत."

"मग कशाला वाद?" ती म्हणाली आणि डबी उघडली. दोरा एका फुंकरीत ओवला. सुट्या पानाची कड दुमडून तिनं फर्म्याभोवती बसवली, दाभण घातली, तीन भोकं, आत, बाहेर, आत, पुन्हा मध्ये, गाठ. दालनातले लोक जवळ सरकले होते. दोरा तिनं दातानं तोडला. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांवर चाललेला हात आज स्वतःच्या पानांवर चालला होता, आणि त्याला फरक पडला नव्हता. कापत होतं ते फक्त तिचं काळीज. बाईंनी शेवटचं पान धरून ओढून पाहिलं. हललं नाही. त्यांनी गोष्ट पेटीत सोडली आणि घड्याळाचा टोला पडला.

बाहेर पायरीवर बसून चष्मेवाल्यानं तेरावा फर्मा उघडला आणि पहिलंच वाक्य वाचून त्याचे कान लाल झाले. "'हे प्रकरण ज्यानं सगळ्यात आधी उघडलं असेल, त्यानं मुकाट्यानं पहिल्या प्रकरणाकडे परत जावं.'" दोघं इतके हसले की आतून बाईंनी शू केलं. "सोमवारी पुस्तक आणा," दाभण म्हणाली. "नीट बांधून देते. आणि तुमच्या कादंबरीतल्या माणसाला काय हवंय ते मला सांगायची तयारी ठेवा."

ती परतली तेव्हा दादा दुकान आवरत होता. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं, अदलाबदल, चष्मेवाला, टाके. दादा नेहमीप्रमाणे टर उडवील म्हणून ती थांबली. तो खळीचं भांडं घासत राहिला. घासलेलंच पुन्हा घासत राहिला.

"चूक माझी आहे," शेवटी तो म्हणाला. "शुक्रवारी तू जेवायला गेलीस तेव्हा मी ते पुडकं सोडलं होतं. वाचत होतो. फोन वाजला, तू कधीही येशील म्हणून घाईत जो फर्मा हाताला लागला तो खाकी कागदात गुंडाळला."

दाभणला अंगठ्याचा ठसा आठवला. रागवायला तिनं तोंड उघडलं, पण राग काही येईना. "कुठवर वाचलंस?"

"तिचा हात बटणाकडे गेला तिथवर." दादानं भांडं खाली ठेवलं. सबंध आयुष्यात बहिणीला कधी काही विचारायला लागलं नव्हतं अशा माणसासारखा तो अवघडून उभा होता. "कालपासून डोक्यातून जात नाहीये बाई. तुला विचारणार तरी कसं? दाभण, मग काय झालं?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग शिलाईचं स्टूल ओढलं, त्याला समोर बसवलं, आणि अगदी पहिल्या पायरीपासून सांगायला लागली.